थंड ताऱ्यांवरील क्ष-किरण ज्वाला: घरच्या संगणकावर अभ्यास कसा सुरू करावा

लातूर, नांदेड, परभणी किंवा धाराशिवच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला खगोलशास्त्रात प्रत्यक्ष काम करायची इच्छा असते, पण मोठी दुर्बीण कुठून आणायची या प्रश्नावर त्याचा उत्साह बहुधा मावळतो. क्ष-किरण खगोलशास्त्रात हा प्रश्नच उद्भवत नाही. पृथ्वीचे वातावरण अवकाशातून येणारे क्ष-किरण वरच्या थरांतच शोषून घेते, त्यामुळे जगातल्या कोणालाही ते जमिनीवरून पाहता येत नाहीत आणि जवळजवळ सगळी निरीक्षणे उपग्रहांवरूनच होतात. युरोपीय अवकाश संस्थेच्या एक्सएमएम-न्यूटन या उपग्रहाची निरीक्षणे साधारणपणे एक वर्ष मूळ निरीक्षकाकडे राखीव राहतात आणि त्यानंतर सर्वांना विनामूल्य खुली होतात. म्हणजे उदगीरच्या विद्यार्थ्याला आणि म्युनिकच्या संशोधकाला तीच फाइल मिळते. श्रावणातले ढग आड येत नाहीत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाची चर्चा मराठवाड्यात सुरू झाल्यापासून शोधकामाबद्दल विचारणारे विद्यार्थी वाढले आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना प्रकल्प उभा राहण्याची वाट न पाहता हात चालवायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी तारा समजून घ्यावा

येथे ‘थंड’ म्हणजे पृष्ठभागाचे तापमान सूर्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असलेले, ढोबळमानाने एफ ते एम या वर्णपटीय वर्गांतले तारे. अशा ताऱ्यांच्या बाहेरच्या थरात उष्णता अभिसरणाने वर येते, आणि हे खळबळते थर व ताऱ्याचे परिवलन मिळून चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. सूर्याच्या सुमारे ३५ टक्क्यांपेक्षा कमी वस्तुमानाचे लाल बटू तर आतून बाहेरपर्यंत पूर्णपणे अभिसरणशील असतात, आणि तरीही त्यांचे चुंबकीय क्षेत्र प्रबळ असू शकते. तारा जितका वेगाने फिरतो तितका त्याचा क्ष-किरण प्रकाश वाढत जातो, पण एका मर्यादेपर्यंतच: ताऱ्याच्या एकूण तेजाच्या सुमारे एक हजारांशापर्यंत पोहोचल्यावर ही वाढ थांबते. सूर्याच्या बाबतीत हेच प्रमाण साधारण दहा लाखांशाच्या आसपास असते, यावरून या ताऱ्यांच्या सक्रियतेची कल्पना यावी.

ज्वाला उसळते ती चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जोडल्या जातात तेव्हा. मुक्त झालेल्या ऊर्जेने वेग घेतलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय कमानींच्या पायथ्याशी आदळतात, तिथला दाट वायू तापून कमानीत वर चढतो, आणि कोट्यवधी केल्विन तापमानाचा हा प्लाझ्मा क्ष-किरण देत हळूहळू थंड होतो. ‘आधी आघात, मग भरणे, मग निवणे’ हा क्रम मनात पक्का असावा, कारण पुढच्या प्रत्येक आलेखात तोच वाचायचा आहे. वर्नर न्यूपर्ट यांनी १९६८ मध्ये सूर्यज्वालांबाबत याचाच एक परिणाम दाखवला: मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांचा वाढण्याचा दर हा आघाताच्या टप्प्यातील किरणोत्सर्गासारखा दिसतो. ताऱ्यांवरही हे पाहता येते आणि एक्सएमएम-न्यूटनवर त्याची सोयही आहे, कारण क्ष-किरण कॅमेऱ्यांच्या जोडीला तिथे, आघाताचा टप्पा टिपू शकेल अशी, ३० सेंटिमीटर व्यासाची दृश्य व अतिनील प्रकाशाची दुर्बीण बसवलेली आहे.

सराव सूर्यावर

थेट ताऱ्याकडे धाव घेण्याऐवजी आठवडाभर सूर्याचे आलेख पाहावेत, असा माझा आग्रह असतो. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या आदित्य-एल१ वर सोलेक्स आणि हेलिओस ही दोन क्ष-किरण उपकरणे आहेत, पहिले मृदू क्ष-किरणांसाठी आणि दुसरे कठीण क्ष-किरणांसाठी. त्यांची माहिती इस्रोच्या प्रदान या संकेतस्थळावर नाव नोंदवून उतरवून घेता येते. एखाद्या मोठ्या ज्वालेचे दोन्ही उपकरणांचे आलेख एकाखाली एक मांडले की हेलिओसमधले टोकदार शिखर आधी आणि सोलेक्सचा गोलसर, लांब शेपटीचा उंचवटा नंतर, हे डोळ्यांना सरळ दिसते. सूर्यज्वालांची ए, बी, सी, एम आणि एक्स ही श्रेणी पृथ्वीजवळ मोजलेल्या १ ते ८ अँगस्ट्रॉम पट्ट्यातील तीव्रतेवरून ठरते. एक्स१ म्हणजे प्रति चौरस मीटर एक दहाहजारांश वॉट. ताऱ्यांसाठी मात्र ही श्रेणी वापरू नये. तिथे अंतर लक्षात घेऊन काढलेली ऊर्जा अर्ग या एककात सांगण्याचा प्रघात आहे.

साधने

संगणकावर लिनक्स असावे. विंडोज असल्यास त्यातच लिनक्सची उपप्रणाली बसवता येते. नासाचे हीसॉफ्ट आणि त्यातला वर्णपट जुळवणीचा एक्सस्पेक हा कार्यक्रम, एक्सएमएम-न्यूटनसाठी सॅस, आणि प्रतिमा पाहण्यासाठी डीएस-नाइन एवढी साधने पुरतात, आणि सगळी विनामूल्य आहेत. जुन्या लॅपटॉपवर हे सर्व बसवताना दमछाक होते, म्हणून नासाच्या क्ष-किरण संग्रहाशी जोडलेली सायसर्व्हर ही ऑनलाइन सेवा आधी वापरून पाहावी; तिथे बहुतेक साधने तयार असतात आणि ब्राउझरमधूनच काम होते. निरीक्षणाच्या मूळ फाइली मोठ्या असतात. गावाकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असल्याने, मध्येच तुटले तरी तिथूनच पुढे सुरू होईल अशा आज्ञेनेच फाइली उतरवाव्यात, आणि ते काम शक्यतो रात्री लावून ठेवावे.

पहिला तारा कोणता

पहिल्या प्रयत्नासाठी प्रॉक्झिमा सेंटॉरी हा तारा उत्तम. तो ४.२४ प्रकाशवर्षे अंतरावर असल्याने भरपूर फोटॉन मिळतात, आणि १२ ऑगस्ट २००१ रोजी एक्सएमएम-न्यूटनने टिपलेली त्याची मोठी ज्वाला सविस्तर अभ्यासली गेलेली असल्याने आपले उत्तर ताडून पाहता येते. त्या निरीक्षणात ऑक्सिजनच्या वर्णरेषांवरून प्लाझ्माची घनता ज्वालेदरम्यान वाढल्याचेही थेट दिसले होते. त्यानंतर एडी लिओनिस, ईव्ही लॅसर्टी, एयू मायक्रोस्कोपी यांच्याकडे वळावे. एबी डोराडस या ताऱ्याची निरीक्षणे विपुल आहेत, पण तो सुमारे बारा तासांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे परिवलनाने होणारा मंद चढउतार आणि ज्वाला यांची गल्लत होते. सुरुवातीला तो टाळलेला बरा.

भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटचे मृदू क्ष-किरण दुर्बिणीचे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाले, आणि त्यानेही सक्रिय ताऱ्यांच्या ज्वाला टिपल्या आहेत. मात्र हा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ६५० किलोमीटरवरून फिरतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत तारा काही काळ पृथ्वीआड जातो आणि आलेख तुकड्यातुकड्यांत मिळतो. एक्सएमएम-न्यूटनची लंबवर्तुळाकार कक्षा सुमारे दोन दिवसांची असल्याने सलग अनेक तासांचे निरीक्षण मिळते. शिकण्यासाठी सलग आलेख हवा, म्हणून आधी एक्सएमएम आणि हात बसल्यावर अ‍ॅस्ट्रोसॅट, हा क्रम मला योग्य वाटतो.

खरी ज्वाला आणि खोटी ज्वाला

या संपूर्ण कामात सर्वाधिक वेळ द्यावा असा टप्पा हा आहे, आणि नेमका हाच टप्पा नवशिके घाईने उरकतात. एक्सएमएमचे आरसे क्ष-किरणांबरोबर अवकाशातील कमी ऊर्जेचे प्रोटॉनही डिटेक्टरकडे वळवतात. अशा प्रोटॉनांचा लोंढा आला की काउंटचा, म्हणजे डिटेक्टरने मोजलेल्या नोंदींचा, आलेख झपाट्याने चढतो आणि ओसरतो, आणि तो ताऱ्याच्या ज्वालेसारखाच दिसतो. त्याला ओळखण्याची रीत अशी. संपूर्ण कॅमेऱ्याच्या क्षेत्राचा, पण ताऱ्याचा भाग वगळून, १० ते १२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यातील आलेख काढावा. इतक्या उच्च ऊर्जेला आरशांची क्षमता खूप घटलेली असल्याने तिथे ताऱ्यांचा वाटा अगदी थोडा असतो. जे दिसते ते प्रामुख्याने प्रोटॉन. एक्सएमएमवरच्या पीएन या कॅमेऱ्यासाठी या पट्ट्यात सेकंदाला ०.४ काउंट आणि मॉस कॅमेऱ्यांसाठी ०.३५ काउंट ही प्रचलित मर्यादा आहे, पण ती डोळे झाकून लावू नये. आलेख पाहूनच ठरवावे.

ताऱ्याचा भाग वगळण्यावर भर देण्याचे कारण असे की अतिशय तप्त आणि प्रखर ज्वालेत ताऱ्याचे फोटॉनही या पट्ट्यात पोहोचतात. ते न वगळता मर्यादा लावली, तर सॉफ्टवेअर ज्वालेचे शिखरच ‘खराब वेळ’ म्हणून कापून टाकते, आणि विद्यार्थी उरलेल्या शेपटीचा अभ्यास करत बसतो. तयार मार्गदर्शिकांमधली आज्ञा जशीच्या तशी चिकटवणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास घडते.

यानंतर ताऱ्याभोवती वर्तुळ आणि त्याच चिपवर, ताऱ्यापासून दूर, पार्श्वभूमीसाठी दुसरे वर्तुळ निवडावे. दोन्हींचे ०.३ ते १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमधील आलेख काढून, क्षेत्रफळाचे प्रमाण सांभाळून, दुसरा पहिल्यातून वजा करावा. सॅसमधले एपिकएलसीकॉर हे काम इतर दुरुस्त्यांसह करते. तारा फार प्रखर असेल तर दोन फोटॉन एकाच वेळी एकाच ठिकाणी पडून एक जास्त ऊर्जेचा फोटॉन म्हणून मोजले जातात. याला पाइल-अप म्हणतात, आणि तो नेमका ज्वालेच्या शिखरावर वाढत असल्याने तापमान खोटेच वर दिसते. एपॅटप्लॉट या साधनाने तपासून गरज पडल्यास वर्तुळाचा मधला भाग कापून कडे वापरावे. ही तपासणी संपूर्ण निरीक्षणाची एकत्र न करता शिखराच्या वेळेपुरती स्वतंत्र करावी, कारण शांत काळाच्या सरासरीत हा दोष लपून जातो.

शांत पातळी

पाऊस पडून गेल्यावर विहीर किती भरली हे सांगायचे तर पाऊस येण्यापूर्वीचे पाणी मोजलेले असावे लागते; ज्वालेचेही तसेच आहे. सक्रिय ताऱ्याचे प्रभामंडल, म्हणजे बाहेरचे तप्त वातावरण, ज्वाला नसतानाही क्ष-किरण देत असते, आणि ज्वालेची ऊर्जा म्हणजे त्या पातळीच्या वरचा भाग. आलेखाचे खाने, म्हणजे वेळेचे तुकडे, पाडताना काउंटच्या वर्गमूळाचा नियम ध्यानात ठेवावा: सेकंदाला ५ काउंट मिळत असतील तर १०० सेकंदांच्या खान्यात ५०० काउंट येतात, अनिश्चितता सुमारे २२ म्हणजे साडेचार टक्के राहते, आणि वीस टक्क्यांची लहान ज्वालाही ओळखू येते. हाच खाना दहा सेकंदांचा केला तर ती गोंगाटात बुडते. खाने किती मोठे घ्यावेत हे आपण न ठरवता मापनांनाच ठरवू देणारी ‘बेझियन ब्लॉक्स’ नावाची पद्धत आहे. तिने आलेखाचे स्थिर पातळ्यांचे तुकडे पडतात आणि सर्वांत खालचा लांब तुकडा शांत पातळी म्हणून घेता येतो. तरीही एक सावधगिरी हवी: जिला आपण शांत म्हणतो ती पातळीही असंख्य बारीक ज्वालांची बेरीज असू शकते. ज्वालांच्या ऊर्जेचे वितरण घात-नियमाने (पॉवर लॉ) चालते आणि तो घातांक २ पेक्षा जास्त असेल, तर प्रभामंडलाची सगळी उष्णता लहान ज्वालांतूनच येऊ शकते. सक्रिय ताऱ्यांसाठी मोजलेली मूल्ये २ च्याच आगेमागे येत असल्याने हा वाद मिटलेला नाही.

वर्णपट आणि तापमान

आता निरीक्षणाचे भाग पाडावेत: ज्वालेपूर्वीचा शांत काळ, चढण, शिखर, आणि उताराचे दोनतीन तुकडे. तुकडे वेळेने समान नसावेत, काउंटने साधारण समान असावेत. शांत काळाच्या वर्णपटाला एक्सस्पेकमधील एपेक या तप्त प्लाझ्माच्या प्रारूपाचे दोन किंवा तीन तापमानांचे घटक जुळवावेत. ज्वालेच्या तुकड्यांसाठी शांत वर्णपट पार्श्वभूमी म्हणून वजा करण्याची सोपी रीत आहे, पण शांत घटकांची मूल्ये गोठवून त्यावर ज्वालेचा एक नवा घटक चढवणे मला अधिक पारदर्शक वाटते, कारण कोणता भाग कुठून आला हे शेवटपर्यंत दिसत राहते. काउंट कमी असतील तेव्हा काय-वर्गाऐवजी कॅश सांख्यिकी वापरावी.

तीन ठिकाणी अडखळायला होते. पहिले, हायड्रोजन स्तंभघनता, म्हणजे तारा आणि आपण यांमधल्या वायूचे प्रमाण: जवळच्या ताऱ्यांसाठी ती इतकी कमी असते की तिला मोकळे सोडल्यास जुळवणी भरकटते, प्रकाशित मूल्यावर ती स्थिर ठेवावी. दुसरे, मूलद्रव्यांचे प्रमाण: एक्सस्पेकमध्ये मुळात १९८९ ची जुनी सौर सारणी लावलेली असते, तेव्हा आपण कोणती सारणी वापरली हे लिहून ठेवावे. शिवाय अतिसक्रिय ताऱ्यांच्या प्रभामंडलात लोह कमी आणि निऑन जास्त आढळते, सूर्यावरच्या कलाच्या उलट, त्यामुळे सर्व प्रमाणे सौर धरल्यास जुळवणी वाईट येते. तिसरे, १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे १.१६ कोटी केल्विन, हे रूपांतर. शिखराच्या वर्णपटात ६.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ तप्त लोहाची रेषा उठून दिसली, तर तापमान काही कोटी केल्विन असल्याची ती स्वतंत्र साक्ष समजावी.

एक आकडेमोड, शेवटपर्यंत

समजा ५ पार्सेक, म्हणजे सुमारे १६ प्रकाशवर्षे अंतरावरच्या लाल बटूची ज्वाला आपण मोजली. शांत पातळी वजा केल्यावर शिखराची तीव्रता प्रति चौरस सेंटिमीटर, प्रति सेकंद ५ गुणिले १० चा उणे ११वा घात अर्ग आली, तापमान ३ कोटी केल्विन, आणि उताराचा घातांकी काळ ३००० सेकंद. हे आकडे सरावासाठी धरलेले आहेत, पण अशा ताऱ्यांना साजेसे आहेत.

अंतराच्या गोलाचे क्षेत्रफळ ३ गुणिले १० चा ३९वा घात चौरस सेंटिमीटर येते. त्याने तीव्रतेला गुणले की शिखराचे तेज प्रति सेकंद १.५ गुणिले १० चा २९वा घात अर्ग, आणि त्याला ३००० ने गुणले की क्ष-किरणांतील ऊर्जा सुमारे ४.५ गुणिले १० चा ३२वा घात अर्ग. सूर्याच्या मोठ्या ज्वालांची सर्व रूपांतील एकूण ऊर्जा १० च्या ३२व्या घाताच्या आसपास असते; येथे केवळ क्ष-किरणांतच तिच्या काही पट ऊर्जा बाहेर पडली.

आता कमानीची लांबी. कमान नुसती निवत असेल, तर निवण्याचा काळ सेकंदांत १२० गुणिले अर्धलांबी, भागिले तापमानाचे वर्गमूळ, असा येतो. यात अर्धलांबी १० हजार किलोमीटरच्या आणि तापमान १ कोटी केल्विनच्या एककात घ्यायचे. ३००० ला ३ च्या वर्गमूळाने गुणून १२० ने भागले की ४३ येतात, म्हणजे अर्धलांबी ४ लाख ३० हजार किलोमीटर. एडी लिओनिससारख्या ताऱ्याची त्रिज्या सुमारे ३ लाख किलोमीटर असते. ताऱ्याहून मोठी कमान! असे उत्तर आले की ते अभिमानाने मांडण्यापूर्वी थांबावे, कारण सूत्राने गृहीत धरले होते की उतार सुरू होताच उष्णतेचा पुरवठा पूर्ण थांबला. प्रत्यक्षात तो बहुधा चालूच राहतो आणि उतार लांबवतो; त्यामुळे आलेला आकडा ही केवळ वरची मर्यादा आहे.

पुरवठा चालू होता की नाही हे तपासता येते. उताराच्या प्रत्येक तुकड्याचे तापमान आणि उत्सर्जन-माप घ्यावे. उत्सर्जन-माप म्हणजे घनतेचा वर्ग गुणिले आकारमान, जे एक्सस्पेकच्या नॉर्म या आकड्यावरून निघते. त्याचे वर्गमूळ घनतेच्या जागी धरून आडव्या अक्षावर आणि तापमान उभ्या अक्षावर, दोन्ही लॉगरिदमी मापात, बिंदू मांडावेत. रेषेचा उतार २ च्या जवळ असेल तर कमान मोकळी निवत आहे, ०.५ च्या जवळ असेल तर उष्णता येतच आहे आणि खरी लांबी बरीच कमी आहे. फॅबिओ रेआले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये रेषेच्या याच उतारावरून लांबी दुरुस्त करण्याची रीत दिली. मात्र त्यातले स्थिरांक प्रत्येक उपकरणासाठी वेगळे असतात, ते एकमेकांत मिसळू नयेत. याच आलेखात आणखी एक खूण पाहावी: तापमानाचे शिखर उत्सर्जन-मापाच्या शिखराआधी यायला हवे. तसे आले नाही, तर तुकडे फार लांब पडले आहेत किंवा दोन ज्वाला एकमेकींवर चढल्या आहेत.

या अंदाजांना थेट पडताळा मिळण्याचे प्रसंग दुर्मीळ असतात. एक मिळाला तो अल्गोलमध्ये, ययाति तारकासमूहातील त्या प्रसिद्ध ग्रहणकारी जोडीत, जी हिवाळ्यात आपल्याकडून नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिच्यातला निळसर तारा क्ष-किरणांत काळोखा आहे आणि थंड सोबती सक्रिय. ऑगस्ट १९९७ मध्ये बेप्पोसॅक्स उपग्रहाने टिपलेली सोबत्याची ज्वाला निळ्या ताऱ्यामागे पूर्ण झाकली गेली, त्यावरून तिची जागा दक्षिण ध्रुवाजवळ आणि उंची ताऱ्याच्या त्रिज्येच्या ०.६ पटीपर्यंतच ठरली. निवण्याच्या काळावरून काढलेले अंदाज यापेक्षा मोठे होते.

नोंदवही

निरीक्षण क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, वर्तुळांचे केंद्र व त्रिज्या, कापलेल्या वेळा, मूलद्रव्यांची सारणी आणि प्रत्येक मूल्याची ९० टक्के अनिश्चितता ही सर्व माहिती आज्ञांच्या फाइलींसह जतन करावी. वेळ कोणत्या पद्धतीची आहे हेही लिहावे, कारण एक्सएमएमचे घड्याळ १ जानेवारी १९९८ पासूनचे सेकंद मोजते आणि दुसऱ्या दुर्बिणीच्या निरीक्षणाशी तुलना करताना नेमकी इथेच चूक शिरते. प्रॉक्झिमाच्या २००१ च्या ज्वालेचे आपले शिखर-तापमान प्रकाशित मूल्याशी अनिश्चिततेच्या मर्यादेत जुळले, की त्याच आज्ञा संग्रहातील अशा ताऱ्यावर चालवाव्यात ज्याच्या निरीक्षणाचा हेतू ज्वाला हा नव्हताच. आकाशगंगेबाहेरच्या एखाद्या स्रोतासाठी घेतलेल्या चित्राच्या कोपऱ्यात उसळलेला अनोळखी लाल बटू तिथे बऱ्याचदा सापडतो.